किंमत चुकून कमी लागली, तर त्याच किमतीला माल द्यावा लागतो का?

दोन प्रश्न एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, म्हणून एकत्रच उत्तर देतो.

पहिला कराडचा. एरवी ३४,९९० रुपयांना मिळणारा दीड टनाचा एसी एका साइटवर ३,४९९ ला दिसला. दोन नग मागवले, यूपीआयने ६,९९८ रुपये भरले, ‘ऑर्डर कन्फर्म’ असा ईमेलही आला. दुसऱ्या दिवशी ‘किमतीतील तांत्रिक चुकीमुळे’ ऑर्डर रद्द झाली. पैसे बँकेत न येता साइटच्या वॉलेटमध्ये पडले आणि वर ५०० रुपयांचं कूपन. आता विचारणा अशी की, कंपनी त्या किमतीला एसी द्यायला बांधील आहे का?

दुसरा सांगलीच्या हळद-बेदाणा विक्रेत्याचा. १५ किलोच्या बेदाणा पेटीला, जिची किंमत ५,७०० रुपये, चुकून १ किलोच्या पुड्याची ४२० रुपये किंमत लागली. रात्रीत २३ ऑर्डर आल्या, सकाळी लक्षात येईपर्यंत ९ पेट्या कुरिअरकडे गेलेल्या. उरलेल्या १४ द्यायच्या का, आणि गेलेल्या ९ चे पैसे मागता येतात का?

आधी निकाल सांगतो, मग कारणं. एसी त्या किमतीला पदरात पडेल, ही आशा ठेवू नका. पैसे मूळ खात्यात परत मिळण्याचा हक्क मात्र पक्का आहे, आणि भरपाईचा दावा कागद नीट असतील तर उभा राहतो. बेदाण्याच्या १४ ऑर्डर आजच्या आज, खरं कारण सांगून रद्द करता येतील. गेलेल्या ९ पेट्यांपैकी जिथे एकेकाने एकच पेटी घेतली आहे, तिथे नुकसान सोसलेलं बरं.

करार नेमका कधी झाला?

सगळा वाद या एका प्रश्नाभोवती फिरतो. भारतीय करार अधिनियम, १८७२ प्रमाणे एकाने प्रस्ताव ठेवायचा, दुसऱ्याने तो स्वीकारायचा, तेव्हा करार होतो. लोकांचा समज असा की साइटवर किंमत दिसली म्हणजे दुकानदाराने प्रस्ताव ठेवला आणि आपण ‘बाय नाऊ’ दाबलं म्हणजे स्वीकारला. न्यायालयं तसं मानत नाहीत. दुकानाच्या फळीवर किंमत लावून ठेवलेली वस्तू म्हणजे ‘या, प्रस्ताव द्या’ असं निमंत्रण. इंग्लंडमधल्या बूट्स औषध दुकानाच्या १९५३ च्या निकालापासून ही भूमिका पक्की आहे आणि आपल्याकडेही तीच धरली जाते. म्हणजे ऑर्डर टाकणारा ग्राहक प्रस्ताव ठेवतो, आणि ती स्वीकारायची की नाही हे विक्रेत्याच्या हातात राहतं.

मग विक्रेत्याने स्वीकारलं कधी? इथे साइटच्या अटी वाचाव्या लागतात, आणि त्या कोणीच वाचत नाही. बहुतेक मोठ्या साइटच्या अटींत असतं की ऑर्डर मिळाल्याचा ईमेल ही फक्त पोच आहे, माल रवाना झाल्याचा संदेश गेला की स्वीकृती झाली. ही अट तुम्ही खातं उघडताना मान्य केलेली असते. करार ऑनलाइन झाला म्हणून तो कच्चा ठरत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम १०अ तेच सांगतं. तेव्हा अटीही ऑनलाइनच लागू होतात, हे ओघानं आलं.

तरी अट लिहिली म्हणजे वाद मिटला असं नाही. ईमेलमध्ये काय शब्द आहेत ते बघा. ‘आम्हाला तुमची ऑर्डर मिळाली’ हे एक, ‘तुमची ऑर्डर कन्फर्म झाली आहे, अमुक तारखेला पोहोचेल’ हे दुसरं. दुसऱ्या प्रकारचा ईमेल, सोबत पैसे घेतलेले आणि वर टॅक्स इनव्हॉइस निघालेलं, असं असेल तर ‘आम्ही अजून स्वीकारलंच नव्हतं’ हे म्हणणं कंपनीला जड जातं. इनव्हॉइस हा विक्री झाल्याचा कागद आहे. न झालेल्या विक्रीचं बिल कोणी फाडत नाही. त्यापुढची पायरी म्हणजे कुरिअरचा एडब्ल्यूबी क्रमांक, म्हणजे माल कुरिअरकडे सोपवल्याचा पावती क्रमांक. माल वाहतूकदाराच्या ताब्यात दिला की वस्तू विक्री अधिनियम, १९३० च्या कलम २३ नुसार, विक्रेत्याने वेगळा हक्क राखून ठेवला नसेल, तर तो माल त्या करारापुरता वेगळा काढला असं धरतात. आणि साइटच्या स्वतःच्याच अटीप्रमाणे तो रवानगीचा क्षण म्हणजे स्वीकृती. त्यामुळे ‘शिप्ड’ दाखवल्यावर वाटेतून परत फिरवलेला माल ही ग्राहकाची सगळ्यात भक्कम केस. कराडच्या प्रकरणात माल निघालाच नव्हता, तिथे केस तेवढीच पातळ होते.

विमानाचं तिकीट, बसचं आरक्षण, गेमचं रिचार्ज अशा गोष्टींत ही पायरी नसते. पीएनआर हातात आला की तिथल्या तिथे करार झाला आणि बराचसा पूर्णही झाला.

चूक एकट्याची असली तर?

आता समजा करार झाला असं धरलं. विक्रेता म्हणणार, ‘पण किंमत चुकली होती.’ करार कायद्याचं कलम २० फक्त दोन्ही पक्षांची एकच चूक असेल तेव्हा करार रद्द समजतं, आणि त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात वस्तूच्या मोलाबद्दलचा चुकीचा अंदाज ही वस्तुस्थितीची चूक नाही, असं आहे. कलम २२ तर सरळ म्हणतं, एका पक्षाची चूक झाली एवढ्यावरून करार मोडता येत नाही. जुन्या मुंबई उच्च न्यायालयाचा १८९२ चा एक निकाल याच मुद्द्यावर आहे. हाजच्या यात्रेकरूंना आणायला जेद्दाहून बोट हवी होती, करारात १० ऑगस्ट ही तारीख पडली आणि कंसात ‘हाजनंतर पंधरा दिवसांनी’ असं लिहिलं गेलं. प्रत्यक्षात हाजनंतरचा पंधरावा दिवस १९ जुलैला येत होता. चूक बोट ठरवणाऱ्या एकाच बाजूची होती, म्हणून करार कायम राहिला. इथपर्यंत वाचणाऱ्याला वाटेल, ग्राहक जिंकलाच.

पण कलम १३ मध्ये मेख आहे. संमती म्हणजे दोघांनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य करणं. समोरचा चुकतोय हे तुम्हाला कळत होतं, किंवा कुठल्याही शहाण्या माणसाला कळलं असतं, आणि तरी तुम्ही झटकन हो म्हणालात, तर तिथे एका अर्थाने संमती झालीच नाही. इंग्लंडमध्ये १९३९ मध्ये सशाच्या कातड्यांचा असाच सौदा झाला होता. बोलणी सगळी नगावर चाललेली, लेखी प्रस्तावात मात्र तोच आकडा पाउंडाला, म्हणजे वजनाला पडला. एका पाउंडात साधारण तीन कातडी बसतात, म्हणजे भाव तिसऱ्या हिश्शावर आला. न्यायालयाने खरेदीदाराला माल मिळू दिला नाही, कारण धंद्यातल्या माणसाला ती चूक दिसायलाच हवी होती. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा क्विंटलवर चालतो. तिथे कोणी तोच आकडा किलोच्या जागी धरून बसला तर आडत्यांत काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

ऑनलाइन चुकीवर सगळ्यात जास्त चर्चिला गेलेला निकाल सिंगापूरचा आहे. ३,८५४ डॉलरचा लेझर प्रिंटर साइटवर ६६ डॉलरला लागला. सहा खरेदीदारांनी मिळून १,६०६ प्रिंटर मागवले. ऑर्डर कन्फर्म झाल्याचे आपोआप जाणारे ईमेलही गेले. तिथल्या अपील न्यायालयाने २००५ मध्ये करार अवैध ठरवला. कंपनी जिंकली ती अटींमुळे तितकी नाही, जितकी खरेदीदारांच्या एकमेकांतल्या रात्रीच्या चॅटमुळे. चूक आहे हे त्यांना कळत होतं, हे त्यातून उघड झालं. आपल्याकडच्या टेलिग्रामवरच्या ‘लूट डील’ ग्रुपमध्ये ‘ग्लिच आहे, पटकन मारा’ असा संदेश पुढे ढकलून मग ऑर्डर टाकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. तो संदेश दुसऱ्याच्या मोबाइलमध्येही असतो.

मग चूक ‘उघड’ होती की नाही, हे कशावरून ठरतं? निव्वळ सूट किती टक्के, यावरून नाही. दिवाळीच्या सेलमध्ये ७० टक्के सूट कोणी चूक मानत नाही. १ रुपयाची फ्लॅश सेलही भारतात मोबाइल कंपन्यांनी प्रत्यक्ष केलेली आहे, तेव्हा ‘एवढी कमी किंमत कशी खरी असेल’ हा युक्तिवाद दरवेळी चालत नाही. पानावर ऑफरचा बॅनर होता का, कालमर्यादा लिहिली होती का, त्याच ब्रँडची बाकी मॉडेलं नेहमीच्या भावाला होती का, हे बघतात. ३४,९९० चे ३,४९९ होणं म्हणजे शेवटचं शून्य गळलं, हे पाहताक्षणी कळतं. किती नग मागवले तेही बोलकं असतं. घरात लावायला एक एसी समजू शकतो, दोनही कदाचित समजतील. दहा मागवले तर विकायचा हेतू उघडा पडतो. आणि विकण्यासाठी घेणारा ग्राहक संरक्षण कायद्यात ‘ग्राहक’च राहत नाही. त्यातही एक बारीक गोष्ट: ऑर्डर टाकताना सवयीने दुकानाचा जीएसटी क्रमांक टाकला असेल, तर कंपनीचा वकील पहिला आक्षेप व्यावसायिक खरेदीचाच घेणार.

आपल्याकडचा निकाल

ओडिशातलं प्रकरण यात मार्गदर्शक आहे. २०१४ मध्ये कायद्याच्या एका विद्यार्थ्याने अ‍ॅमेझॉनवर २३,४९९ रुपयांचा लॅपटॉप १९० रुपयांच्या ऑफरमध्ये मागवला. ऑर्डर कन्फर्म झाली आणि दोनेक तासांत फोन आला की किमतीच्या घोळामुळे ती रद्द केली आहे. त्याला नंतर दुसरा लॅपटॉप विकत घ्यावा लागला. जिल्हा पातळीवर मिळालेली भरपाई अपुरी वाटून तो वर गेला, आणि राज्य ग्राहक आयोगाने २०२१ मध्ये ती वाढवून मानसिक त्रास व दंडात्मक भरपाई मिळून ४०,००० रुपये, शिवाय खर्चाचे ५,००० रुपये द्यायला सांगितले.

या निकालाचं शीर्षक वाचून बरेच जण हुरळून जातात. नीट बघा: हाती आली ती भरपाई. १९० रुपयांना लॅपटॉप मिळाला, अशी ही गोष्ट नाही. जाहिरात करून, कन्फर्म करून, मग एका फोनवर झटकून टाकणं ही सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा ठरली. ओडिशाचा निकाल महाराष्ट्रातल्या आयोगाला बंधनकारक नाही, पण तक्रारीला जोडला तर वाचला जातो. शिवाय त्या तक्रारदाराला लॅपटॉप खरोखर हवा होता आणि त्याने तो घेतला, हे त्याच्या बाजूने भक्कम ठरलं. नुसती ‘स्वस्तात मिळालं असतं’ ही हळहळ भरपाईला पुरत नाही.

ग्राहकाने करायचं काय

पहिला तास सगळ्यात महत्त्वाचा, कारण चूक कळली की कंपनी ते पान बदलते. स्क्रीनशॉट पूर्ण पानाचा घ्या: वरची लिंक, तारीख-वेळ, ‘सोल्ड बाय’ खालचं विक्रेत्याचं नाव, खोडलेली एमआरपी, ऑफरचा मजकूर, आणि त्याच ब्रँडच्या शेजारच्या मॉडेलची किंमत. कन्फर्मेशनचा ईमेल फॉरवर्ड न करता मूळ रूपात डाउनलोड करून ठेवा. एसएमएस डिलीट करू नका. यूपीआयचा १२ आकडी व्यवहार क्रमांक लिहून घ्या. त्या दिवशीच्या ‘टर्म्स ऑफ सेल’ पानाची पीडीएफ काढा, कारण अटी बदलतात आणि नंतर जुन्या अटी कुठून आणायच्या हा प्रश्न पडतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र जोडावं लागतं. ग्राहक आयोग पुराव्याच्या बाबतीत दिवाणी न्यायालयाइतका काटेकोर नसतो, तरी ते जोडलेलं बरं. वरच्या पायरीला गेलात तर अडत नाही.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते एका क्लिकने. कस्टमर केअरवाला गोड बोलून सांगतो, ‘सर, तुम्ही तुमच्या बाजूने कॅन्सल करा, म्हणजे रिफंड लवकर येईल.’ केलंत की नोंदीत ‘कॅन्सल्ड बाय कस्टमर’ पडतं आणि तुमची केस तिथेच संपते. तसंच कूपनाचं. ५०० चं कूपन वापरलंत तर ‘तडजोड स्वीकारली’ असं उत्तर येतं. वापरू नका.

वॉलेटमध्ये टाकलेले पैसे हा तर स्वतंत्र मुद्दा आहे आणि यात कंपनीची बाजू लंगडी आहे. रिझर्व्ह बँकेच्या, ग्राहकाचे पैसे विक्रेत्यापर्यंत पोचवणाऱ्या पेमेंट अ‍ॅग्रिगेटरसाठीच्या नियमांनुसार, ग्राहकाने वेगळी संमती दिल्याशिवाय रिफंड मूळ मार्गानेच जायला हवा. यूपीआयने आले, यूपीआयनेच परत. किमतीचा वाद पुढे कसाही जावो, एवढं तरी पदरात पाडून घ्यायलाच हवं, आणि ते बहुतेक वेळा एका पत्रात मिळतं.

ते पत्र साइटच्या ग्रीव्हन्स ऑफिसरला, म्हणजे तक्रार निवारण अधिकाऱ्याला जायला हवं. नाव-पत्ता साइटवर देणं ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे बंधनकारक आहे. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याच्या आत, ही मुदत त्याच नियमांत आहे. पत्र चार ओळींचं पुरे. कराडच्या प्रकरणात ते असं असावं:

‘ऑर्डर क्र. ___. आपण दि. ___ रोजी ___ वाजता ऑर्डर कन्फर्म केल्याचा ईमेल पाठवला व रु. ६,९९८ स्वीकारले (व्यवहार क्र. ___). दि. ___ रोजी आपण ती एकतर्फी रद्द केली. रद्द करण्यास माझी संमती नाही. वॉलेटमधील जमा व कूपन मी स्वीकारलेले नाही. ठरल्या किमतीत माल द्यावा. ते शक्य नसल्यास माझे इतर हक्क अबाधित ठेवून पूर्ण रक्कम मूळ बँक खात्यात जमा करावी, आणि रद्द करण्याचे नेमके कारण लेखी कळवावे. विक्रेत्याचे पूर्ण नाव व पत्ताही द्यावा. तक्रार क्रमांक कळवावा.’

‘हक्क अबाधित ठेवून’ हे शब्द वगळू नका. नाहीतर रिफंड घेतला म्हणजे विषय मिटला, असं म्हणायला जागा राहते. विक्रेत्याचा पत्ता मागायचं कारणही आहे. साइट बाजारपेठ असते, विकणारा वेगळाच असतो, आणि खरेदीनंतर ग्राहकाने लेखी मागितला तर विक्रेत्याचा तपशील देणं साइटवर बंधनकारक आहे. पुढे तक्रारीत दोघांनाही सामनेवाले, म्हणजे विरुद्ध पक्ष करा. एकालाच केलं तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो आणि तारखा वाया जातात. नाव लिहिताना ब्रँडचं नव्हे, कंपनीचं नोंदणीकृत नाव टाका. ते इनव्हॉइसवर किंवा साइटच्या तळाशी बारीक अक्षरांत असतं.

मधल्या काळात १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, पण कंपनीच्या वरच्या माणसापर्यंत विषय पोचतो आणि रिफंडचे अनेक प्रश्न तिथेच सुटतात. नाही सुटला तर १५ दिवसांची नोटीस स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह. मग जिल्हा ग्राहक आयोग.

इथे एक भीती काढून टाकतो. अटींत ‘वाद फक्त बेंगळुरूच्या न्यायालयात’ असं असतं म्हणून लोक गप्प बसतात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते. कराड, वाई, फलटणवाल्यांनी साताऱ्याला. मिरज, विटा, तासगाववाल्यांनी सांगलीला. लवादाची अट असली तरी ग्राहक आयोगाचा दरवाजा बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच स्पष्ट केलं आहे. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते, वकील बंधनकारक नाही. मुदत, कारण घडल्यापासून दोन वर्षं.

मागणी कशी मांडायची यावर निकाल बराच अवलंबून असतो. फक्त ‘एसी द्या’ एवढंच मागितलं आणि आयोगाला चूक उघड दिसली, तर हातात काहीच येत नाही. म्हणून पर्यायी मागण्या लावा: ठरल्या किमतीत माल, तो नाही तर दुसरीकडून तेच मॉडेल घेतलं असल्यास किमतीतला फरक, बिलासह, रक्कम अडकलेल्या काळाचं व्याज, मानसिक त्रास आणि खर्च. उन्हाळ्यात घरात आजारी माणूस आहे आणि एसी लगेच दुसरीकडून घ्यावा लागला, असं खरंच असेल तर त्याचा कागद लावा. कॅश ऑन डिलिव्हरी असेल तर तुमचा एक रुपयाही अडकलेला नसतो. तुम्ही ग्राहक असता, कारण कायद्यात मोबदला ‘देण्याचं कबूल केलं’ तरी पुरतं, पण नुकसान दाखवायला काही उरत नाही. तिथे आयोगात जाणं बहुतेक वेळा वेळेचा अपव्यय.

आणखी एक तांत्रिक खड्डा. ‘कधीही, कारण न देता रद्द करू’ ही अट कायद्यातल्या ‘अनुचित करारा’च्या व्याख्येत बसू शकते, वाजवी कारणाशिवाय एकतर्फी करार संपवण्याचा अधिकार त्या यादीत आहेच. पण अनुचित कराराची तक्रार जिल्हा आयोग ऐकत नाही, ती राज्य आयोगाकडे जाते. जिल्ह्याच्या तक्रारीत ती मागणी घुसडली की अधिकारक्षेत्राचा आक्षेप येतो. सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा, एवढ्यावरच राहा.

ई-कॉमर्स नियमांतल्या रद्द करण्याच्या शुल्काबद्दलही गैरसमज आहे. कंपनीने ऑर्डर रद्द केली की तिला ते शुल्क ग्राहकाला द्यावंच लागतं, असं तो नियम म्हणत नाही. ग्राहकाने रद्द केल्यावर जी साइट पैसे कापते, तिने स्वतः रद्द केल्यावर तसंच शुल्क सोसायला हवं, एवढंच. साइट ग्राहकाकडून कापत नसेल तर हा मुद्दा लागू नाही.

एकाच कंपनीची ‘चूक’ दर सेलला व्हायला लागली, तर मात्र वेगळा वास येतो. गर्दी खेचायची, नंबर गोळा करायचे, मग रद्द करायचं. त्या भावाला माल देण्याची खरी तयारी नसताना केलेली जाहिरात २०२२ च्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांत आमिषाची जाहिरात म्हणून येते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे तक्रार करता येते. ते दंड करतात, तुम्हाला वैयक्तिक भरपाई देत नाहीत.

उलटी चूक, म्हणजे छापील एमआरपीपेक्षा जास्त किंमत लागणं, यात वादाला जागाच नाही. ‘सिस्टीमची चूक’ हा बचाव चालत नाही. वजन-मापं तपासणाऱ्या वैधमापन विभागाकडे जा.

सांगलीच्या बेदाण्याकडे

चूक दिसताच आधी किंमत दुरुस्त करू नका, आधी स्टॉक शून्य करा. बदललेली किंमत सगळीकडे दिसायला वेळ लागतो आणि तेवढ्यात आणखी ऑर्डर पडतात. स्टॉक शून्य केला की लगेच थांबतात. मग न पाठवलेल्या १४ ऑर्डरवर लेबल छापलं गेलं नाही ना, बघा. आपोआप लेबल निघण्याची व्यवस्था असेल तर ती बंद करा.

रद्द करताना खरं कारण द्या: ‘१ किलोची किंमत चुकून १५ किलोच्या पेटीला लागली’. अनेक विक्रेते ‘माल संपला’ असं निवडतात, कारण साइटवर तो पर्याय सोपा असतो, आणि तासाभरात तीच पेटी ५,७०० ला परत चढवतात. हे दोन स्क्रीनशॉट शेजारी ठेवले की प्रामाणिक चूक अनुचित व्यापारी प्रथा होऊन बसते. सगळ्यांना एकाच दिवशी, एकाच मजकुरात कळवा आणि रिफंड त्याच दिवशी सोडा. साइटवर विकत असाल तर सेलर सपोर्टला किंमत-चुकीचं तिकीट टाका, कारण १४ रद्द ऑर्डर तुमच्या खात्याचं रेटिंग खाली ओढतात. इनव्हॉइस निघालेल्या ऑर्डरींना जीएसटी कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे क्रेडिट नोट, म्हणजे बिलाची रक्कम वजा करणारा कागद काढा. नाहीतर न झालेल्या विक्रीचा कर तुमच्या अंगावर.

गेलेल्या ९ पेट्यांचं नुकसान पेटीमागे ५,२८० रुपये, म्हणजे एकूण ४७,५२० रुपये. ज्या अजून वाटेत आहेत त्या परत फिरवता येतील, पण वर सांगितल्याप्रमाणे तिथे करार झाल्यात जमा आहे. परत फिरवलंत तर ग्राहकाची बाजू वरचढ. पोचलेल्या पेटीवर डिलिव्हरी बॉयमार्फत दारात जास्तीचे पैसे मागू नका, त्याला काहीही आधार नाही. एकाच पत्त्यावर चार-पाच पेट्या गेल्या असतील तर मात्र लेखी विचारणा करा: चूक उघड होती, माल परत करा, परतीचा खर्च आमचा. करार मुळातच झाला नाही असं ठरलं तर करार कायद्याच्या कलम ६५ प्रमाणे मिळालेला लाभ परत करावा लागतो. हा दावा दिवाणी न्यायालयातच चालेल, आणि २० हजारांसाठी तो चालवायचा का, हे ज्याचं त्याने ठरवावं. त्याउलट एकाच पेटीची ऑर्डर असून चुकून दोन गेल्या असतील, तर दुसरी पेटी कलम ७२ खाली सरळ परत मागता येते. तिथे वादच नाही.

पुढच्यासाठी तीन गोष्टी करून ठेवा. एक्सेल शीट अपलोड करताना चुका बहुतेक एकाच जागी होतात, वजनाच्या कॉलममध्ये: १ किलो, ५ किलो, १५ किलो यांचे एसकेयू (प्रत्येक मालाची ओळखखूण) क्रमाने असतात, एक ओळ सरकली की सगळ्या किमती सरकतात. म्हणून एसकेयूच्या नावातच वजन घाला आणि शेजारी ‘किलोचा दर’ काढणारा कॉलम ठेवा. बेदाण्याला किलोला २८ रुपये दिसले की डोळे उघडतात. दुसरं, प्रत्येक लिस्टिंगला किमान किंमत लावा. मोठ्या साइटच्या सेलर पॅनलमध्ये ती सोय असते आणि बहुतेकांनी ती रिकामी सोडलेली असते. आपोआप किंमत बदलणारं सॉफ्टवेअर वापरत असाल तर ही मर्यादा नसणं धोक्याचं. ब्रिटनमध्ये डिसेंबर २०१४ मध्ये अशाच एका सॉफ्टवेअरच्या बिघाडाने अ‍ॅमेझॉनवरच्या शेकडो लहान विक्रेत्यांचा माल तासाभरात एका पेनीला गेला. तिसरं, स्वतःची वेबसाइट असेल तर ऑर्डरनंतर जाणाऱ्या ईमेलमधला ‘कन्फर्म’ शब्द काढा. ‘ऑर्डर मिळाली. माल रवाना झाल्याचा संदेश येईल तेव्हा ती स्वीकारली असे समजावे. किमतीत उघड चूक आढळल्यास रवानगीपूर्वी कळवून पूर्ण रक्कम परत केली जाईल’, एवढा मजकूर मराठीत, ऑर्डरच्या बटणाच्या वरच दिसेल असा ठेवा. तळाशी लिंकमध्ये पुरलेल्या अटीपेक्षा त्याला आयोगासमोर जास्त वजन असतं.

तक्रार झालीच आणि निकाल विरोधात गेला, तर राज्य आयोगाकडे अपील ४५ दिवसांत करावं लागतं, आणि विक्रेता किंवा कंपनी अपिलात जात असेल तर आदेशातली निम्मी रक्कम आधी भरावी लागते. छोट्या रकमेच्या आदेशात ते भरून राज्य आयोगाच्या चकरा मारण्यापेक्षा, प्रकरण जिल्हा आयोगात असतानाच मध्यस्थी कक्षाकडे पाठवण्याची विनंती करणं दोन्ही पक्षांना स्वस्त पडतं.